बरगडीचा पट्टा: आराम किती, अडचण किती

कमरेचे पट्टे, मानेच्या कॉलर आणि गुडघ्याच्या नी-कॅप जिथे ओळीने टांगलेल्या असतात, तिथेच सर्जिकलच्या दुकानात बरगडीचा पट्टाही मिळतो. रुंद इलॅस्टिकचा आणि पुढच्या बाजूला वेलक्रोने चिकटणारा असा एक पट्टा माझ्या मोठ्या बंधूंसाठी आमच्या घरी आला. सत्तरीकडे झुकलेले आमचे दादा पाय घसरून मोरीच्या कठड्यावर उजव्या कुशीवर आपटले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना कूस बदलता येईना, तेव्हा पुतण्याने साताऱ्यातल्या एका दुकानातून हा पट्टा ४२० रुपयांना आणून दिला. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण नंतर मी दुकानात उभे राहून आणखी काही कंपन्यांचे पट्टे उलटसुलट करून पाहिले, तेव्हा कापड, रचना आणि खोक्यावरचा मजकूर या तिन्ही बाबतींत ते एकमेकांची भावंडेच निघाली. तेव्हा हे परीक्षण एका कंपनीचे नसून या वस्तूचेच आहे, असे समजावे.

आधी वस्तूविषयी. पट्टा साधारण सहा इंच रुंद आहे, इलॅस्टिक दाट विणीचे आहे आणि पुढे एक हातभर लांबीची वेलक्रोची पट्टी आहे, त्यामुळे ताण कमी-जास्त करण्याला भरपूर वाव मिळतो. दुकानदाराने पहिला प्रश्न ‘लेडीज की जेंट्स’ असा विचारला, असे पुतण्या सांगत होता. हा प्रश्न योग्यच आहे, कारण स्त्रियांच्या पट्ट्याला पुढच्या बाजूने खालच्या अंगाला वेगळा काट दिलेला असतो आणि पुरुषांचा पट्टा त्यांना नीट बसत नाही. दुसरा प्रश्न मात्र त्याने विचारला नाही आणि तोच अधिक महत्त्वाचा होता, तो म्हणजे छातीचा घेर किती. आपल्याकडे अंदाजे ‘लार्ज द्या’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. या पट्ट्याचे माप मात्र शर्टाच्या मापावरून किंवा कमरेच्या घेरावरून घ्यायचे नसते. जिथे तो बांधायचा त्या जागी, श्वास सहज सोडलेला असताना, टेप गुंडाळून ते घ्यावे लागते. दादांचे पोट सुटलेले असल्यामुळे लार्ज पट्टा खाली ठरेना. खुर्चीत बसले की तो वर सरकून काखेत गोळा व्हायचा आणि उभे राहिले की पुन्हा ओढून खाली आणावा लागायचा. शेवटी तो बदलून मोठ्या मापाचा आणला, तेव्हा कुठे तो जागेवर राहू लागला.

पट्ट्याने आराम पडला, हे प्रथम नोंदवले पाहिजे. बांधल्यावर पहिल्याच तासात दादा कोणाचा हात न धरता पलंगावरून उठले, आणि ज्या माणसाला आदल्या रात्री पाण्याचा तांब्या उचलता येत नव्हता त्याने स्वतः चहाचा कप तोंडाला लावला. यामागचे कारण समजून घेतले की पट्ट्याचे गुण आणि दोष दोन्ही एकाच वेळी उलगडतात. आपल्या छातीला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने, म्हणजे लवचीक मऊ हाडाने, थेट छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी या जोड्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या दोन जोड्या पुढच्या बाजूने मोकळ्याच असतात. दर दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायूंचे थर असतात आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू पाठीकडून पुढे येतो. श्वास आत घेताना या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाहेरच्या अंगाला उचलल्या जातात आणि सोडताना खाली येतात. मुका मार बसलेली किंवा तडा गेलेली बरगडी प्रत्येक श्वासाला अशी हलली की कळ उठते. पट्टा ही हालचाल आवळून कमी करतो आणि म्हणून कळही कमी होते.

हात मोडला तर प्लास्टर घालून तो सहा आठवडे स्वस्थ ठेवता येतो, पण छातीला तशी सुट्टी देता येत नाही. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. अजपाजपाच्या, म्हणजे श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या जपाच्या, आपल्या परंपरेत दिवसरात्रीच्या श्वासांचा हाच आकडा धरलेला आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. यातला प्रत्येक श्वास पट्ट्याने थोडा थोडा उथळ केला तर फुप्फुसाचा तळाचा भाग पुरेसा फुगत नाही, तिथे कफ साठून राहतो, दुखते म्हणून माणूस खोकायचे टाळतो, आणि वय झालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला त्यातून न्यूमोनिया होण्याचा धोका संभवतो. पूर्वी बरगडी मोडली की छातीभोवती रुंद चिकटपट्ट्या ताणून लावण्याची रीत होती. ती याच कारणासाठी मागे पडली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा रुग्णांना दिलेला सल्ला तर स्पष्टपणे सांगतो की छातीभोवती घट्ट पट्टी गुंडाळू नये, कारण त्यामुळे फुप्फुसे नीट फुगत नाहीत. आमच्या पट्ट्याच्या खोक्यावर याविषयी एक अक्षरही नव्हते. उलट आतल्या कागदावर, तोही इंग्रजी आणि हिंदीत, पट्टा दिवसभर वापरण्यास हरकत नाही असे छापलेले होते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या आणि बहुतांशी वयस्कर माणसांनी वापरायच्या वस्तूच्या माहितीपत्रकात मराठी नसावे, याची खंत वेगळीच.

तपासणीला गेलो तेव्हा अस्थितज्ज्ञांनी सर्वप्रथम वेलक्रो सोडायला लावले. ‘काका, पट्टा बाजूला ठेवा आणि छाती भरून एक श्वास घेऊन दाखवा,’ असे ते म्हणाले, त्यावर दादांचे उत्तर होते, ‘श्वासाचं सोडा डॉक्टर, नुसती शिंक आली तरी कुलदैवत आठवतं.’ शिंक, खोकला, उचकी आणि हसू हे बरगडीच्या दुखण्याचे खरे वैरी आहेत, हे ज्याने भोगले त्यालाच पटेल. डॉक्टरांनी बोटाने एकेक बरगडी चाचपत नेली आणि आठवीच्या आसपास एका ठिकाणी दादा दचकले. एक्स-रेमध्ये मात्र काहीच दिसले नाही. आम्ही हुश्श केले, पण डॉक्टरांनी समजावून सांगितले की बरगडीला गेलेले बारीक तडे पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाहीत आणि कूर्चेची इजा तर साध्या एक्स-रेवर उमटतच नाही. तडा असो वा नुसता मुका मार, उपचार जवळपास सारखेच असतात. एक्स-रे काढायचा तो प्रामुख्याने आत काही बिघडले आहे का, फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त जमले आहे का, हे पाहण्यासाठी. ‘क्रॅक निघाला का’ या प्रश्नावर घरोघरी जी चर्चा रंगते, तिच्यापेक्षा हे उत्तर मला कितीतरी मोलाचे वाटले.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. मार खालच्या बरगड्यांवर असेल तर उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा त्यांच्याच आडोशाला असते. त्यामुळे पोटात दुखू लागले, खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, चक्कर आली किंवा अंगाला घाम सुटून अशक्त वाटू लागले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. धाप वाढत जाणे, ताप येणे, पिवळा-हिरवा कफ पडणे आणि खोकल्यातून रक्त येणे यांनाही तोच नियम लागू आहे. यांपैकी कशालाही पट्टा हे उत्तर नाही, आणि घट्ट पट्ट्याखाली वाढती धाप ‘पट्ट्यामुळेच होत असेल’ म्हणून दुर्लक्षिली जाण्याचा धोका मात्र आहे.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जो इंग्रजी मजकूर आहे त्याचा आशय असा की हा पट्टा बरगड्यांच्या आणि छातीच्या सर्व प्रकारच्या दुखण्यावर उपयुक्त आहे. ‘सर्व प्रकारच्या’ या शब्दांना माझी हरकत आहे. छातीच्या भिंतीतून उठणारे दुखणे अनेक तऱ्हांचे असते, त्यांतल्या मोजक्यांनाच आवळण्याने बरे वाटते, काहींना काडीचाही फरक पडत नाही आणि काही दुखणी मुळात भिंतीची नसतातच.

उदाहरणार्थ, उरोस्थीच्या कडेला जिथे बरगडीचे हाड कूर्चेला आणि कूर्चा मधल्या हाडाला मिळते, त्या सांध्यांशी होणारी दुखरी अवस्था घ्या. डॉक्टर तिला कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात आणि चाळिशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये ती अधिक आढळते. बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या दरम्यान, अनेकदा डाव्या बाजूला, बोटाने दाबल्यावर ‘हेच, हेच’ म्हणावे असे नेमके दुखते, सूज दिसत नाही, आणि जड वस्तू उचलताना, कुशीवर वळताना किंवा खोकताना कळ वाढते. डावी बाजू म्हटल्यावर पोटात गोळा येतो, रात्री झोप लागत नाही आणि माणूस एकामागून एक ईसीजी काढत सुटतो. हे दुखणे काही आठवडे, क्वचित काही महिने रेंगाळते आणि आपसूक निवळते. विश्रांती, शेक आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके एवढ्यावर ते भागते. पट्ट्याचा दाब नेमका त्या दुखऱ्या सांध्यांवरच आला तर दुखणे वाढल्यासारखे वाटण्याचीच शक्यता जास्त. याच जागी जर दिसेल अशी गाठीसारखी सूज असेल, तीही दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीशी आणि तुलनेने तरुण वयात, तर तो टीत्से सिंड्रोम असू शकतो. ब्रेस्लाऊचे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर टीत्से यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. तिथेही पट्ट्याचे काही काम नाही. छातीवरची सूज तपासून घेणे हेच पहिले काम.

खालच्या बाजूला आणखी एक दुखणे दडलेले असते आणि ते पुष्कळ वर्षे पोटाचे म्हणून उपचारले जाते. आठवी, नववी आणि दहावी बरगडी पुढे एकमेकींच्या कूर्चेला धागेदोऱ्यांनी बांधलेल्या असतात. ते बंध सैल झाले की बरगडीचे टोक वरच्या बरगडीखाली सरकते, कधी ‘कट’ असा आवाज येतो आणि शेजारचा मज्जातंतू डिवचला जाऊन वाकताना, वळताना कळ जाते. सोनोग्राफी होते, दुर्बिणीने जठर तपासले जाते, पित्ताच्या गोळ्या चालू होतात आणि अहवाल सगळे चांगले येतात. जाणते डॉक्टर बरगडीच्या खालच्या कडेला बोटे आकड्यासारखी अडकवून हलकेच पुढे ओढतात आणि नेहमीची तीच कळ उठली की निदानाची दिशा सापडते. या एका प्रकारात पट्ट्याने काहींना तात्पुरता आधार वाटू शकतो, पण तेही निदान झाल्यावरच.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार मात्र साधा आहे, तो म्हणजे बरगड्यांमधल्या स्नायूंची उसण. गॅसचा सिलिंडर उचलताना, खोकल्याची ढास लागून राहिल्यावर किंवा फार दिवसांनी एकदम व्यायाम केल्यावर ती भरते. क्रिकेट पाहणाऱ्यांना वेगवान गोलंदाज कुशीला हात लावून मैदानाबाहेर जाताना दिसतो, ती कुशीतल्या स्नायूचीच दुखापत असते आणि बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला होते. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याची लाथ पाठीवर घेण्याचा उपाय गावोगाव सांगितला जातो. दादांनाही शेजारच्या काकूंनी तो सुचवला होता आणि त्या पायाळू गृहस्थांना बोलवायलाही निघाल्या होत्या. उसण चार-आठ दिवसांत ओसरतेच, त्यामुळे श्रेय कोणाच्याही पदरात पडू शकते. पण जिथे बरगडीला तडा गेल्याचा संशय आहे तिथे लाथ हा विनोदाचा विषय राहत नाही.

नागीण हे आणखी एक दुखणे, आणि ते येथे सांगणे अगत्याचे आहे, कारण ते सुरुवातीला हुबेहूब बरगडीच्या दुखण्याचे सोंग घेते. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूंत त्यांचे विषाणू दबून राहतात आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर ते पुन्हा डोके वर काढतात. एकाच बाजूला, पाठीपासून पुढे पट्ट्यासारखी आग होते, कपडा लागला तरी सहन होत नाही, आणि पुरळ मात्र दोन-चार दिवसांनी उठते. या मधल्या दिवसांत कोणी इलॅस्टिकचा पट्टा आवळला तर काय हाल होतील याची कल्पनाच केलेली बरी. नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, ही समजूत आजही ऐकू येते आणि गेरूचे लेप व मंत्र यांत मोलाचे दिवस जातात. वास्तविक विषाणूंवरची औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो. उशीर झाल्यास, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने आग मागे राहू शकते.

काही कारणे कमी आढळतात, पण ती विसरून चालत नाही. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रीला किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याला नुसत्या खोकल्यानेही बरगडीला तडा जाऊ शकतो. मार लागलेला नसताना बरगडी दुखत असेल, रात्री अंथरुणात दुखणे वाढत असेल, वजन उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर हाडात कर्करोग पसरला आहे का हे पाहावे लागते. आपल्या देशात क्षयरोगही बरगडीत घर करतो आणि कधी तिथे न दुखणारी, गरम न लागणारी गाठ म्हणून प्रथम दिसतो. श्वास घेताना टोचते आणि सोबत ताप आहे, तर फुप्फुसाच्या आवरणाला सूज असू शकते. एकाएकी धाप लागून छातीत टोचू लागले, त्यातही एखादी शस्त्रक्रिया, लांबचा प्रवास किंवा अंथरुणाला खिळणे नुकतेच घडलेले असेल, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची शंका घ्यावी लागते.

आणि मग हृदय. खोक्यावरचे ते ‘सर्व प्रकारच्या’ मला सर्वाधिक खटकते ते यासाठी. बोटाने दाखवता येणारे, दाबल्यावर, वळल्यावर आणि दीर्घ श्वासाला वाढणारे दुखणे बहुधा भिंतीचे असते. छातीवर ओझे ठेवल्यासारखे, आवळल्यासारखे वाटणारे, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारे, घाम, मळमळ आणि धाप यांसह येणारे दुखणे हृदयाचे असू शकते. पण ही विभागणी पाटीवर लिहिण्याइतकी स्वच्छ नसते. दाबल्यावर दुखते म्हणजे हृदय सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही, आणि मधुमेहींमध्ये व स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे कधीकधी नुसती धाप, थकवा किंवा पोटातली जळजळ एवढीच असतात. पहिला ईसीजी व्यवस्थित आला तरी डॉक्टर काही तासांनी तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन तपासतात, ते उगाच नव्हे. छातीत नव्याने दुखू लागलेल्या माणसाने ‘गॅस धरला असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नये, तसेच पट्टा आणायला दुकानातही जाऊ नये. त्याने १०८ क्रमांक फिरवावा. हा पट्टा ज्याला खरोखर लागू आहे त्याला मार कुठे आणि केव्हा लागला हे नेमके ठाऊक असते, एवढी एक ओळ खोक्यावर छापली असती तरी माझी तक्रार निम्म्याने कमी झाली असती.

याच खरेदीच्या जोडीने, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणखी एक वस्तू आली आणि ती पट्ट्यापेक्षा कमी किमतीची असूनही मला अधिक उपयोगाची वाटली. तीन उभ्या नळ्यांत तीन रंगीत गोळ्या, एक लवचीक नळी आणि तोंडात धरायचा तुकडा, असे ते श्वासाच्या व्यायामाचे स्पायरोमीटर असते. नळ्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. त्या त्या नळीतली गोळी वर उचलायला सेकंदाला तितके मिलीलिटर हवा आत ओढावी लागते. घरोघरी हे यंत्र उलटे वापरले जाते. लोक फुगा फुगवावा तशी त्यात फुंकर मारतात आणि ‘गोळ्या हलतच नाहीत’ म्हणून दुकानदाराशी वाद घालतात. हवा फुंकायची नसून संथपणे आत ओढायची असते. शिवाय एका हिसक्यात तिन्ही गोळ्या उडवण्यात काही पुरुषार्थ नाही, एखाद-दुसरी गोळी वर नेऊन शक्य तितका वेळ तिथे तोलून धरण्यात आहे. दादांची पहिली गोळी सुरुवातीला टुणकन उडून लगेच खाली बसायची. दुखणे कमी होत गेले तशी ती वर ठरू लागली, आणि आपली प्रगती डोळ्यांना दिसते म्हणून त्यांना गोडीही लागली. दर तासाला सावकाश दहा दीर्घ श्वास घ्यावेत असा सर्वसाधारण सल्ला असतो. भराभर घेतले तर चक्कर येते, म्हणून मध्ये थांबावे. ज्यांना यंत्र आणणे जमत नाही त्यांनी नुसते श्वास घेतले तरी चालते.

खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी, ही युक्तीही तिथेच कळली. ती पट्ट्याचे काम करते, पण गरज असेल तेवढ्याच क्षणापुरते, आणि तीच तर सगळी मेख आहे. रात्री पाठीमागे उशा रचून अर्धवट बसून झोपल्याने दादांना जो आराम मिळाला, तो पट्ट्याने कधीच दिला नाही. वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत आपल्या लोकांची दोन टोके असतात. कोणी ‘गरम पडतात’ म्हणून शिवत नाही, तर कोणी दुकानातून परस्पर घेऊन दिवसाला वाटेल तितक्या गिळतो. दुखणे पुरेसे दबले तरच माणूस खोल श्वास घेतो आणि खोकतो, म्हणून पहिले काही दिवस पॅरासिटामॉल ठरल्या वेळी घेणे उपकारकच असते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मात्र मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, हृदयविकार किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मलम आणि स्प्रे यांचा वास घरभर पसरला, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. चोळून मात्र लावू नये, हळूच पसरावे.

पट्टा रोजच्या वापरात कसा आहे, हेही सांगायला हवे. एप्रिलच्या उन्हात इलॅस्टिकखाली घामोळे उठले, म्हणून आत सुती बंडी घालणे भाग पडले. मग वेलक्रोची खरबरीत बाजू त्या बंडीला चिकटून धागे ओढू लागली. वेलक्रो उघडताना येणारा करकर आवाज रात्री साऱ्या घराला जागे करतो. एकट्या माणसाला तो बांधता येत नाही, कारण दुखऱ्या बाजूचा हात मागे जात नाही. कोणीतरी पाठीमागून टोक पुढे आणून द्यावे लागते. धुण्याच्या बाबतीत तक्रार नाही. कोमट पाण्यात साबणाने हाताने धुवून सावलीत वाळवला तर ताण टिकतो. आमच्या वहिनींनी तो एकदा मशिनमध्ये टाकला, त्यानंतर वेलक्रोत इतका कचरा अडकला की टाचणीने एकेक तंतू काढत बसावे लागले.

घ्यावा की नाही, असे कोणी विचारले तर माझे मत असे. ज्याचे निदान झाले आहे, ज्याला दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार नाही, आणि ज्याला एसटीच्या प्रवासासारख्या हादऱ्याच्या प्रसंगी तास-दोन तास आधार हवा आहे, त्याने डॉक्टरांना विचारून घ्यावा. पट्ट्याखाली सपाट हात सहज सरकेल इतपतच तो आवळावा, झोपताना काढावा आणि मधूनमधून सोडून दीर्घ श्वास घ्यावेत. दिवसभर अंगावर वागवायची ही वस्तू नव्हे. बरगड्या साधारणपणे दोन ते सहा आठवड्यांत सांधतात आणि त्या पट्ट्याने लवकर सांधत नाहीत. कारागिरीला पाचपैकी साडेतीन, पहिल्या दिवसाच्या आरामाला चार आणि खोक्यावरच्या मजकुराला शून्य असे गुण मी देईन. स्पायरोमीटरला साडेचार दिले असते, पण त्याची लवचीक नळी जोडापाशी वारंवार निसटते. विकत घेताना ती दुकानातच लावून पाहावी, आणि पट्ट्याचे खोके फोडण्यापूर्वी माप बदलून मिळेल का हे विचारून घ्यावे, कारण एकदा अंगाला लावलेला पट्टा बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. आमच्या दुकानदाराने घेतला, तोही पुतण्या त्यांच्या मुलाचा वर्गमित्र निघाला म्हणून.